तिकीटवाटपाचं महाभारत

पांडवांना पक्षातून काढून टाकलं तर ते काय करतील? नवा पक्ष काढतील! प्रकाश झा यांच्या ‘राजनीती’त नेमकं हेच घडतं. ४ जून २०१० ला हा चित्रपट थिएटरात लागला आणि त्या वर्षीच्या मोठ्या कमाईच्या हिंदी चित्रपटांत जाऊन बसला. पावणेतीन तासांच्या आसपास लांबी, एका दमात लक्षात राहणार नाहीत इतकी पात्रं, भाषणं, सभा, बैठका आणि खून. तरी प्रेक्षक खुर्चीला चिकटून राहिले, कारण गोष्ट सगळ्यांना आजीकडूनच ठाऊक होती. फक्त हस्तिनापूरच्या जागी मुख्यमंत्र्यांचा बंगला आला होता.

कोण कोण आहे?

मनोज वाजपेयींचा वीरेंद्र प्रताप म्हणजे दुर्योधन. अर्जुन रामपालच्या पृथ्वीराजमध्ये थोरल्या पांडवाचा मान आणि भीमाचा संताप एकत्र आलाय. रणबीर कपूरचा समर हा अर्जुन. अजय देवगणच्या पात्राचं नावच सूरज, म्हणजे वडील कोण ते वेगळं सांगायला नको. महाभारतात अधिरथ सारथी होता, इथे सूरजला वाढवणारा रामचरित्तर याच प्रताप घराण्याच्या गाडीवर ड्रायव्हर आहे. पटकथा झा आणि अंजुम राजाबली यांची. जुन्या धाग्यांना नवे कपडे चढवताना दोघांनी घेतलेली मेहनत अशा बारीक जागी दिसते.

कर्णाला अंगदेशाचं राज्य मिळतं तो प्रसंग आठवा. इथे सूरज दलित वस्तीतला कबड्डीपटू, तरुणांचा लाडका. आझादनगरची उमेदवारी त्याला हवी असते आणि पृथ्वी त्याला उडवून लावतो. तेवढ्यात वीरेंद्र त्याचा हात धरतो आणि पक्षाच्या वरच्या समितीत त्याला आपल्या शेजारी बसवतो. राज्याभिषेकाच्या जागी कमिटीतली खुर्ची! गावोगावी तिकीटवाटपाचे रुसवेफुगवे पाहिलेल्या आपल्या वाचकाला हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही.

मला विचाराल तर चित्रपटाचा जीव याच दोघांच्या मैत्रीत आहे. भारती, म्हणजे सख्खी आई, सूरजला भेटायला येते, तू माझा थोरला मुलगा आहेस म्हणून सांगते, आपल्या माणसांत चल म्हणते. तो जात नाही. ज्या दिवशी कुणी विचारत नव्हतं त्या दिवशी वीरेंद्रने विचारलं, त्याचा हिशेब एवढाच. शिवाजी सावंतांचं ‘मृत्युंजय’ आणि रणजित देसाईंचं ‘राधेय’ वाचून वाढलेल्या मराठी वाचकाच्या घशात इथे आवंढा येतो, आणि पांडवांच्या बाजूने टाळ्या वाजवणं त्याला जड जातं.

कृष्णाला बढती, मामा म्हणून

नाना पाटेकरांचा ब्रिजगोपाल हा कृष्ण. मूळ कथेत कृष्ण हा पांडवांचा मामेभाऊ. इथे तो थेट मामाच झाला आहे. आवाज चढवणारा नाना आपण खूप पाहिलाय. इथला नाना हळू बोलतो, हात जोडून हसतो आणि त्याच हसऱ्या चेहऱ्याने समोरच्याची राजकीय तिरडी बांधतो. राजकारणात मेलेल्यांना पुरायचं नसतं, वेळ आली की बोलायला लावण्यासाठी त्यांना जपून ठेवायचं असतं, अशा अर्थाचं त्याचं एक वाक्य पुढे खूप गाजलं.

पण या मामाकडे जरा जवळून पाहा. लग्नाआधी जन्मलेलं भारतीचं बाळ घरातून दूर नेणारा हाच. शेवटी जखमी वीरेंद्रला वाचवण्यासाठी सूरजची धडपड चालू असते, समरचा हात थबकतो, तेव्हा ‘मार’ म्हणून त्याच्या मागे लागणाराही हाच. रथाचं चाक जमिनीत रुतलं होतं तोच हा क्षण. व्यासांच्या कृष्णाने कर्णाला मारायला लावलं खरं, पण त्याला नदीत सोडण्यात कृष्णाचा हात नव्हता. झांनी जन्माची आणि मृत्यूची अशी दोन्ही कामं एकाच माणसावर टाकली, आणि हा बदल मला मूळ गोष्टीहूनही भीषण वाटतो.

अर्धा महाभारत, अर्धा ‘गॉडफादर’

समर अमेरिकेत व्हिक्टोरियन काळातल्या इंग्रजी कवितेवर पीएचडी करतोय. राजकारणाशी त्याचा काडीचा संबंध नाही. त्याला विमानतळावर सोडून परतताना वडिलांवर गोळ्या झाडल्या जातात आणि कवितेचा अभ्यासक घरातला सगळ्यात थंड डोक्याचा मारेकरी होतो. हा सरळ मायकेल कॉर्लिओनी! तापट थोरला भाऊ म्हणजे सॉनी. कारमधला बॉम्बही तिकडूनच आलाय. हिंदीत ‘गॉडफादर’ची पूजा जुनीच आहे. फिरोज खानचा ‘धर्मात्मा’ १९७५ चा, तर २००५ च्या ‘सरकार’मध्ये रामगोपाल वर्मांनी सुरुवातीलाच ही आदरांजली असल्याचं लिहून टाकलं. योगायोग असा, की ‘राजनीती’तली कतरिना कैफ ‘सरकार’मध्येही आहे.

कॅमेऱ्यामागचा उमेदवार

निवडणुकीचा चित्रपट काढणारे पुष्कळ, पण झांनी स्वतः फॉर्म भरलाय. २००४ मध्ये ते बेतियातून अपक्ष लढले. २००९ मध्ये, ‘राजनीती’चं काम सुरू असतानाच्याच काळात, लोकजनशक्ती पक्षाकडून पश्चिम चंपारणमधून उतरले. २०१४ मध्ये तिथूनच संयुक्त जनता दलाकडून. तिन्ही वेळा हरले. प्रचारगाडीवरचा धुरळा, भोंगे, कार्यकर्त्यांची हुजरेगिरी, दारामागची पैशाची बोलणी हे सारं पडद्यावर इतकं खरं का वाटतं, याचं एक कारण इथे सापडतं. दुर्योधन साकारणारे मनोज वाजपेयीही याच पश्चिम चंपारणचे.

भोपाळ कसं आलं? आणि वाई?

चित्रपटाचं शूटिंग भोपाळात झालं. तलाव, जुन्या हवेल्या, रुंद रस्ते आणि सभांसाठी गोळा केलेली हजारोंची गर्दी. झांना हे शहर इतकं मानवलं की ‘आरक्षण’, ‘चक्रव्यूह’ आणि ‘सत्याग्रह’साठीही ते तिथेच परतले. त्याआधी मात्र त्यांचा बिहार आपल्या साताऱ्यात वसला होता. ‘गंगाजल’मधलं तेजपूर म्हणजे बरंचसं वाई! कृष्णेचा घाट बिहारी होऊन गेला आणि देशभरातल्या प्रेक्षकांना पत्ताही लागला नाही. झांचं महाराष्ट्राशी नातं त्याहून जुनं आहे. १९७३ मध्ये ते पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये संकलन शिकायला आले होते. विद्यार्थी आंदोलनात संस्था बंद पडली आणि अभ्यासक्रम अर्धाच राहिला.

साडीची चर्चा

प्रदर्शनाआधी पोस्टरवरची सुती साडीतली, हात जोडलेली कतरिना पाहून लोकांनी तिचं नातं सोनिया गांधींशी जोडलं. झांनी ते साफ नाकारलं. चित्रपट पाहिल्यावर त्यांचं म्हणणं पटतं, कारण कतरिनाची इंदू ही द्रौपदी आहे. तिचं प्रेम समरवर. पण तिचे उद्योगपती वडील पक्षाला पैसा पुरवणार ते मुलगी भावी मुख्यमंत्र्याच्या घरात जाणार या अटीवर. लग्न पृथ्वीशी होतं. स्वयंवर नाही, सौदा. या पात्राला आणखी दोन-चार प्रसंग हवे होते, असं मला आजही वाटतं.

घाईघाईत

गाण्यांना जागा नसलेल्या या चित्रपटाला प्रीतम, आदेश श्रीवास्तव, शंतनू मोइत्रा आणि पार्श्वसंगीताला अमेरिकेचे वेन शार्प असे चौघे लागले. समरच्या अमेरिकन मैत्रिणीच्या भूमिकेत तिकडच्या टीव्हीवरची सारा थॉम्पसन आहे. नसिरुद्दीन शाह सुरुवातीला डावे नेते भास्कर सान्याल म्हणून येतात आणि सूर्यदेवासारखेच कर्णाला मागे ठेवून निघून जातात. आणि वाजपेयींचं ‘करारा जवाब मिलेगा’? एका भाषणातलं ते वाक्य मोबाइलवर इतकं फिरलं, की चित्रपट न पाहिलेली पोरंही क्रिकेट सामन्याआधी ते एकमेकांना पाठवतात.

आपला शंभर वर्षांचा दाखला

महाभारतातून चालू राजकारण बोलायची युक्ती मराठी रंगभूमीला फार आधीपासून ठाऊक. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं ‘कीचकवध’ १९०७ चं. प्रेक्षकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसला, सरकारलाही दिसला, आणि १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. ‘राजनीती’ आला तो बरोबर शंभर वर्षांनी. त्याच खाडिलकरांनी १९०९ मध्ये पेशव्यांच्या घरातल्या सत्तासंघर्षावर ‘भाऊबंदकी’ लिहिलं. म्हणजे झांच्या चित्रपटाचे दोन्ही विषय एकाच मराठी नाटककाराने तीन वर्षांत हाताळले होते.

कपूर घराण्यात कर्णही, अर्जुनही

श्याम बेनेगलांचा ‘कलयुग’ १९८१ चा. तिथे महाभारत होतं दोन उद्योगपती घराण्यांत, लेखनात गिरीश कर्नाड होते आणि निर्माता होता शशी कपूर. त्याने स्वतःसाठी कोणती भूमिका ठेवली? कर्णाची! एकोणतीस वर्षांनी त्याच्या थोरल्या भावाचा नातू रणबीर अर्जुन झाला. शनिवारी ‘कलयुग’ आणि रविवारी ‘राजनीती’ असा बेत करून बघा. दोन्हीकडे कर्णाला आपला जन्म कळतो ते प्रसंग लागोपाठ पाहा, आणि शशी कपूर जास्त हलवतो की अजय देवगण, यावर घरात खुशाल वाद घाला. माझं मत शशी कपूरला.