जुन्या घरात देवनागरीचे बिऱ्हाड

मोहगाव, सौंसर आणि पांढुर्णा ही तीन नावे एकाखाली एक लिहून पाहावीत. मोहगावला डोक्यावर एका मात्रेपुरती जागा पुरते. सौंसरला दोन मात्रा आणि त्यांच्याजवळ अनुस्वाराचे टिंब मावेल एवढी उंच माडी लागते. पांढुर्ण्याला माडीही हवी आणि तळघरही हवे, कारण आरंभी अनुस्वार आहे, शेवटी रफार आहे आणि मधल्या ढ च्या पायाशी उकार आहे. नागपूर-छिंदवाड्याच्या मुलखातील ही गावे १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मध्य प्रदेशात राहिली. २०२३ साली पांढुर्णा आणि सौंसर या तहसिली मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. कारभार हिंदीतून, घरची बोली मराठी. आपल्या इंदुरातील जुन्या घराण्यांना हा संसार नवा नाही.

ही तीन नावे येथे घेतली ती एका कामाची कसोटी म्हणून. नव्या काळातील चित्रे काढण्याची साधने चाळीस वर्षांपूर्वीच्या घरगुती संगणकांवर नेऊन बसविण्याचा छंद आज जगात अनेकांना आहे. संगणकाच्या परिभाषेत अशा साधनांच्या संचाला ग्राफिक्स लायब्ररी म्हणतात. तिच्यात पुस्तके नसतात. रेघ ओढ, वर्तुळ काढ, हा भाग रंगाने भर, येथे अक्षर उमटव, अशा तयार आज्ञा असतात. एका यंत्रावरची लायब्ररी उचलून दुसऱ्यावर चालती करणे ह्याला ‘पोर्ट करणे’ असा शब्द रूढ आहे. आपल्याकडे ह्याला बिऱ्हाड हलविणे म्हणता येईल. नव्या, ऐसपैस घरात जाणे सोपे असते. चौसोपी वाड्यातून दोन खोल्यांत जावयाचे म्हटले म्हणजे घरातले काय ठेवायचे आणि काय माळ्यावर टाकायचे, हा प्रश्न उभा राहतो.

दोन खोल्यांचे असे एक घर आपल्या पुण्यात तयार होत असे. इंग्लंडात क्लाइव्ह सिंक्लेअर ह्यांनी एप्रिल १९८२ मध्ये झेडएक्स स्पेक्ट्रम नावाचा स्वस्त संगणक बाजारात आणला. त्याची पुढची आवृत्ती स्पेक्ट्रम प्लस. पुण्याच्या डेसिबेल्स कंपनीने १९८८ च्या सुमारास परवाना घेऊन ती ‘डीबी स्पेक्ट्रम’ ह्या नावाने भारतात काढली. घरच्या दूरदर्शन संचाला जोडायची, कॅसेट वाजविण्याच्या यंत्रावरून प्रोग्राम भरायचा, आणि चार-पाच मिनिटे ती कर्कश किरकिर ऐकत बसायचे. मधेच फीत अडकली तर पुन्हा पहिल्यापासून. चित्र भरताना ते वरून खाली सरळ उतरत नसे. पडद्याच्या एका तिसऱ्या हिश्श्यात विरळ रेघा पडत, मग त्यांच्या मधल्या फटी भरत, आणि सर्वांत शेवटी रंग येत. त्या काळी मुलांना ही जादू वाटे. तिचे कारण पुढे येईल.

आता वाडा कोणता, ते पाहू. महाराष्ट्रातील तंत्रनिकेतनांत आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांत ज्यांनी संगणकाचे प्रात्यक्षिक केले, त्यांतील बहुतेकांनी बोर्लंड कंपनीच्या टर्बो सी मधील ‘ग्राफिक्स डॉट एच’ ह्या संचाने पहिली रेघ ओढली. कित्येक वर्षे अभ्यासक्रम हलला नाही आणि मुलांच्या कितीतरी तुकड्या त्याच वर्तुळावरून गेल्या. ह्या संचाला ६४० गुणिले ४८० ठिपक्यांचा पडदा आणि सोळा रंग मिळत. हिशेब केला तर एका चित्राला १,५३,६०० बाइट लागतात. स्पेक्ट्रमची सगळी मेमरी ४९,१५२ बाइट. म्हणजे वाड्यातली एक तसबीर दोन खोल्यांच्या घरापेक्षा तिपटीने मोठी. स्पेक्ट्रमचा पडदा २५६ गुणिले १९२ ठिपक्यांचा, आणि गंमत अशी की हा गुणाकारही बरोबर ४९,१५२ येतो. अर्थात एका बाइटात आठ ठिपके मावतात, त्यामुळे पडद्याला ६,१४४ बाइट लागतात आणि रंगांना आणखी ७६८.

सामान हलविताना पहिला अनुभव मोठा सुखाचा येतो. तिरपी रेघ ठिपक्यांनी कशी काढावी, ह्याची युक्ती आयबीएमच्या जॅक ब्रेझनहॅम ह्यांनी १९६२ साली बसविली आणि १९६५ मध्ये प्रसिद्ध केली. त्या वेळी त्यांच्यापुढे पडदाही नव्हता; कागदावर लेखणी फिरविणारे यंत्र होते. प्रत्येक पावलाला ‘आडवे जावे की तिरपे’ एवढाच प्रश्न विचारायचा आणि उत्तर बेरीज-वजाबाकीने काढायचे. गुणाकार नाही, अपूर्णांक नाही. स्पेक्ट्रममधल्या झेड-८० ह्या चिपला गुणाकाराची आज्ञाच ठाऊक नाही, तेव्हा ही युक्ती तिला आयतीच मानवते. स्पेक्ट्रमच्या बेसिक भाषेत वर्तुळाची तयार आज्ञा आहे, पण ती दशांशांच्या हिशेबात अडकून इतकी रेंगाळते की चहा घेऊन यावे. वर्तुळही बेरजांनी काढले तर ते झटक्यात उमटते.

दुःख सुरू होते ते पुढे. टर्बो सी मध्ये उंची वरून खाली मोजतात, स्पेक्ट्रमच्या बेसिकमध्ये खालून वर, आणि तीही १७६ ठिपक्यांपर्यंतच. तळच्या दोन ओळी यंत्र स्वतःच्या निरोपासाठी राखून ठेवते. हे उलटेपालटे करणे फारसे कठीण नाही. मेमरीतली मांडणी मात्र खरी विचित्र आहे. ठिपक्यांच्या एका ओळीला ३२ बाइट लागतात, तेव्हा दुसरी ओळ बत्तीस घरे पुढे असावी असे कोणीही समजेल. ती असते २५६ घरे पुढे. मधल्या जागेत खालच्या अक्षर-ओळींचे पहिले ठिपके बसविलेले असतात. कॅसेटवरून चित्र फटी ठेवत येई, ते ह्यामुळे. ही मांडणी करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे आठ ठिपके उंचीचे इंग्रजी अक्षर होते. ते छापताना एकाच आकड्यात एक मिळवीत गेले की खालची ओळ मिळते. नऊ ठिपक्यांचे अक्षर आले की हा हिशेब मोडतो. देवनागरीला तर सोळा हवेत.

सोळाच का? आठ ठिपक्यांत देवनागरी बसवून पाहावी. वरच्या मात्रांना दोन, शिरोरेघेला एक, खालच्या उकाराला दोन, राहिले तीन. तीन ठिपक्यांच्या उंचीत ढ आणि द ह्यांत फरक दाखविणारा कारागीर अजून जन्मावयाचा आहे. सोळांत वर चार, शिरोरेघ एक, अक्षराच्या देहाला सात आणि खाली चार, अशी वाटणी करता येते. मग सौंसरचा अनुस्वार मात्रांत बुडत नाही आणि पांढुर्ण्याचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला धडकत नाही. पडद्यावर बारा ओळी मिळतात. निमंत्रणपत्रिकेपुरत्या पुष्कळ झाल्या.

येथे ह्या गरीब यंत्राच्या बाजूने एक शब्द बोलला पाहिजे. त्याच काळातल्या महागड्या आयबीएम पद्धतीच्या संगणकांत अक्षरांसाठी पडद्याची वेगळी व्यवस्था होती. अक्षरांचे साचे कार्डावरच कोरलेले असत आणि त्या चौकटीबाहेर मात्रा निघू शकत नसे. म्हणून आयआयटी कानपूर येथे सुरू झालेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकने वाढविलेले ‘जिस्ट’ तंत्र कार्डाच्या रूपाने त्या संगणकांत बसवावे लागले, तेव्हा कुठे देवनागरी दिसू लागली. स्पेक्ट्रमला अशी अक्षरांची वेगळी व्यवस्था मुळात नाहीच. त्याच्या दृष्टीने अक्षर हेही चित्रच. जो कोणी ठिपके मांडील त्याला तो मज्जाव करीत नाही.

रंगांची गोष्ट मात्र निराळी. आठ गुणिले आठ ठिपक्यांच्या प्रत्येक घरात दोनच रंग राहू शकतात, एक शाईचा आणि एक कागदाचा. पोळ्याचा बैल काढायचा आहे असे समजा. शिंग लाल, झूल पिवळी, मागे निळे आकाश. जेथे झुलीचा काठ, पाठ आणि आकाश एका घरात येतील तेथे तिसऱ्याने पहिल्याचा रंग बदललाच म्हणून समजावे. ‘कोणताही ठिपका कोणत्याही रंगात’ हे लायब्ररीचे वचन येथे पाळता येत नाही. झेड-८० च्या अनेक यंत्रांसाठी चालणारा झेड८८डीके नावाचा खुला संच आहे. त्याच्या चित्रविभागाने मुख्यतः काळ्यापांढऱ्याचा मार्ग धरला आहे. मला तो प्रामाणिक वाटतो. रंग वेगळ्या आज्ञेने, घराघराने भरावेत. बैलाचे रंग जरा ठोकळेबाज होतील, पण एका रंगाने दुसऱ्याला गिळण्यापेक्षा ते बरे.

आता प्रश्न अक्षरांच्या यादीचा. स्वर, व्यंजने, मात्रा, अर्धी अक्षरे, नेहमीची जोडाक्षरे आणि आकडे मिळून सव्वाशे आकृत्या धरल्या आणि प्रत्येकीला ३२ बाइट दिले, तर ४,००० बाइट होतात. जागा तुटपुंजी असल्यामुळे करणारा दोन ठिकाणी हात आखडतो. पहिली काटकसर शिरोरेघेची. अक्षरागणिक रेघ साठविण्याऐवजी सबंध शब्दावर एकच रेघ ओढली की जागाही वाचते आणि वेळही. पण ध आणि भ ह्यांच्या डोक्यावरची रेघ तुटलेली असते. इतक्या लहान आकारात ओळख त्या फटीवरच टिकून असते. ती बुजली की धनाचे घन होते आणि भाताची मात होते. तेव्हा रेघ शब्दभर ओढावी, पण ह्या अक्षरांपाशी दोन ठिपके पुसावेत.

दुसरी काटकसर अधिक वाईट. यादी कमी करायची वेळ आली की माणूस स्वतः जे वापरीत नाही ते आधी काढतो. हिंदीपुरती यादी केली तर ळ गळतो आणि ऱ्य मधले ते कोयत्यासारखे र गळते. हे नुसते अंदाजाचे बोलणे नव्हे. पांढुर्ण्याला दर साल पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार होते, जाम नदीच्या ह्या काठाला पांढुर्णा आणि त्या काठाला सावरगाव. हिंदी वर्तमानपत्रांत त्या सणाचे नाव ‘पोला’ असेच छापून येते. आपल्याकडे होळकरांचे होलकर झाले आणि माळव्याचा मालवा झाला, त्याचे आता कोणाला काही वाटत नाही. ऱ्य चे दुखणे आणखी चमत्कारिक आहे. लग्नघरी ‘आचाऱ्यांना बोलावले आहे’ आणि ‘आचार्यांना बोलावले आहे’ ह्या दोन वाक्यांत स्वयंपाकघराचे आणि विद्यापीठाचे अंतर आहे. दोहोंतही र् आणि य हेच वर्ण. तेव्हा रफार द्यावा की कोयता, हे यंत्राला आपणहून कळणे शक्य नाही. युनिकोडमध्ये त्यासाठी पायाशी टिंब असलेला ऱ वेगळा दिलेला आहे. स्पेक्ट्रमवरच्या यादीतही त्याला वेगळा क्रमांक द्यावा लागेल. बिऱ्हाड हा शब्दसुद्धा त्यावाचून लिहिता येत नाही.

ह्याचा खर्च मोजून पाहिला. ळ साठी ३२ बाइट, कोयत्या र साठी ३२, आणि तो निवडण्याच्या सूचनांसाठी थोडे अधिक. पडदा वगळून स्पेक्ट्रमवर प्रोग्रामसाठी साधारण ४१,००० बाइट उरतात. अक्षरे चार हजारांत, रेघ, वर्तुळ आणि रंग भरण्याची कामे आणखी काही हजारांत. बंद आकृती रंगाने भरणाऱ्या आज्ञेवर मात्र डोळा ठेवावा लागतो. ती ठिपक्यामागून ठिपका आठवणीत ठेवीत गेली तर उरलेली मेमरी एका बैलाच्या पोटातच संपेल. ओळीने भरणारी रीत धरावी.

काम जमले की नाही हे पाहायला पुण्याचे ते जुने यंत्रही आता लागत नाही. त्याची हुबेहूब नक्कल करणारे प्रोग्राम आजच्या संगणकावर फुकट मिळतात आणि कॅसेटचा आवाजही फाइलीत साठविता येतो. माळ्यावर डीबी स्पेक्ट्रम पडलेला असेल त्याने तो दूरदर्शन संचाला जोडून पाहावा. प्रथम मोहगाव लिहावे, मग सौंसर, मग पांढुर्णा, आणि चौथ्या ओळीत ‘शेतकऱ्यांचा पोळा’.