‘-आर’ नावाची फाइल

समजा, लिनक्स असलेल्या एका संगणकावर एक डिरेक्टरी आहे. तिच्यात जुन्या गुणपत्रकांच्या काही फाइली आणि ‘छायाचित्रे’ व ‘अहवाल’ या दोन उपडिरेक्टरी आहेत. फाइली नकोशा झाल्या म्हणून आपण आज्ञा दिली:

आरएम *

(प्रत्यक्षात आज्ञा रोमन लिपीतच द्यायच्या असतात. येथे त्या उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत.) ‘आरएम’ हा प्रोग्रॅम फाइली पुसतो, पण उपडिरेक्टरींना हात लावत नाही. ‘ही डिरेक्टरी आहे’ अशी तक्रार करून तो ती सोडून देतो. मग एके दिवशी हीच आज्ञा दिल्यावर दोन्ही उपडिरेक्टरी आतल्या सगळ्या सामग्रीसह नाहीशा का व्हाव्यात? मागे एकच फाइल उरली. तिचे नाव होते ‘-आर’.

हे कोडे उलगडायचे तर आज्ञेची ओळ संगणक कशी वाचतो ते पाहायला हवे. आपण टंकलेली ओळ प्रथम ‘शेल’ या मध्यस्थाच्या हाती पडते. शेल तिचे शब्दांत तुकडे करतो. त्यात तारका दिसली, तर तिच्या जागी डिरेक्टरीतील सर्व नावे मांडतो, आणि ही शब्दांची माळ प्रोग्रॅमच्या स्वाधीन करतो. तारका प्रोग्रॅमपर्यंत पोहोचतच नाही. कोणता शब्द माणसाने टंकला आणि कोणता तारकेतून आला, हे कळायला त्याच्यापाशी काही मार्ग नसतो. त्याला दिसतात ते नुसते शब्द.

मग पर्याय कोणता आणि फाइलीचे नाव कोणते, हे तो कशावरून ठरवतो? केवळ एका संकेतावरून: शब्दाच्या आरंभी आडवी रेघ असली तर तो पर्याय. ‘आरएम’च्या दृष्टीने ‘-आर’ म्हणजे ‘डिरेक्टरीही आतील सर्व गोष्टींसह पुसा’. तारकेतून आलेल्या नावांत ‘-आर’ हे एक होते. प्रोग्रॅमने ते हुकूम म्हणून वाचले आणि पाळले. ते फाइलीचे नाव म्हणून वाचलेच गेले नाही, म्हणून ती फाइल तेवढी वाचली!

असले नाव फाइलीला देतो कोण, असे वाटेल. मुद्दाम कोणी देत नाही. ‘गुण’ ही फाइल उलट्या क्रमाने लावून ‘यादी’त साठवायची आहे आणि घाईत शब्द मागेपुढे झाले:

सॉर्ट गुण > -आर यादी

‘>’ या चिन्हानंतरचा शब्द शेल फाइलीचे नाव मानतो. झाली ‘-आर’ नावाची फाइल तयार.

आता आपण स्वतः एक लहान स्क्रिप्ट लिहीत आहोत असे समजू. तिचे नाव ‘निकाल’. ‘-सी’ दिले तर तिने फक्त संख्या सांगावी. ‘-एन’ दिले तर पुढे येणाऱ्या आकड्याइतकीच नावे छापावीत. पूर्वी असे पर्याय ओळखण्याचे काम प्रत्येक प्रोग्रॅम आपापल्या परीने करी. ‘टार’ला रेघेविना अक्षरे चालतात आणि ‘डीडी’ला बरोबरीचे चिन्ह लागते, हे त्याच काळाचे अवशेष. पुढे युनिक्समध्ये या कामासाठी ‘गेटऑप्ट’ आले. एटी अँड टी कंपनीने १९८५ मध्ये ते सर्वांना खुले केले. त्याचेच शेलमधील भावंड म्हणजे ‘गेटऑप्ट्स’. लांब नावांचे पर्याय त्याला कळत नाहीत, तरी शिकायला आरंभ याच्यापासून करावा असे आम्हांला वाटते, कारण यात यंत्रणा उघडी दिसते.

‘गेटऑप्ट्स’ला आपण ‘सीएन:’ एवढीच अक्षरमाला देतो. ‘एन’पुढचा अपूर्णविराम सांगतो की या पर्यायाला किंमत लागते. आता आज्ञा अशी आली:

निकाल -सी -एन १० दहावी नववी

शब्दांना एकपासून क्रमांक असतात. ‘गेटऑप्ट्स’ला आपण फेऱ्याफेऱ्यांनी बोलावतो. पहिल्या फेरीत ते ‘-सी’ उचलते. दुसऱ्या फेरीत ‘-एन’ उचलते आणि अपूर्णविरामामुळे पुढचा ‘१०’ हा शब्दही किंमत म्हणून घेते. ही किंमत ‘ऑप्टआर्ग’ या चलात मिळते. तिसऱ्या फेरीत ‘दहावी’ला रेघ दिसत नाही, म्हणून काम थांबते. पुढे कोणता शब्द वाचायचा याचा क्रमांक ‘ऑप्टइंड’ या चलात असतो. तो आता ४ आहे. त्यातून एक वजा करून ‘शिफ्ट’ या आज्ञेने तेवढे, म्हणजे ३ शब्द पुढून काढून टाकले की फक्त फाइलींची नावे उरतात.

अपूर्णविराम लिहायचा राहिला तर? मग ‘१०’ला रेघ नसल्याने काम तेथेच थांबते आणि ‘१० नावाची फाइल सापडत नाही’ असा चमत्कारिक संदेश येतो. विद्यार्थ्यांकडून हमखास होणारी चूक आहे ही. उलट, अपूर्णविराम असताना आकडाच द्यायचा विसरला आणि ‘-एन -सी’ असे लिहिले, तर ‘-सी’ हीच किंमत मानली जाते. तेव्हा आलेली किंमत खरोखर संख्या आहे की नाही, हे स्क्रिप्टने स्वतः तपासावे. पायथनमधील ‘आर्गपार्स’ला किंमत पूर्णांक हवी असे सांगून ठेवले, तर ही तपासणी ते करते, आणि मदतीचा मजकूरही तयार करून देते. पायथन ३.२ मध्ये, म्हणजे २०११ साली, ते प्रमाण संचात आले.

आता ‘-आर’कडे परत येऊ. पर्याय संपले हे सांगण्यासाठी पॉझिक्स या मानकात एक खूण ठरलेली आहे: एका शब्दात नुसत्या दोन आडव्या रेघा. त्यांच्यापुढील सर्व शब्द, रेघेने सुरू होणारे असले तरी, नावेच मानायची. तेव्हा

आरएम -- *

असे लिहिले असते तर ‘-आर’ ही फाइल इतरांसारखी पुसली गेली असती आणि छायाचित्रे जागेवर राहिली असती. दुसरा उपाय म्हणजे ‘./*’ असे लिहिणे. मग प्रत्येक नावाच्या आरंभी टिंब आणि तिरपी रेघ येते, आणि आडवी रेघ पहिली राहत नाही. दोन रेघांची खूण न कळणाऱ्या प्रोग्रॅमलाही हा उपाय लागू पडतो.

येथे एक बारकी खोच आहे. ‘निकाल’ला आपण दोन रेघा देऊन फाइलींची नावे दिली, तर ‘गेटऑप्ट्स’ त्या रेघा ओळखून थांबते आणि ‘शिफ्ट’बरोबर त्या निघूनही जातात. पुढे स्क्रिप्टने तीच नावे ‘सॉर्ट’ला किंवा ‘आरएम’ला दिली, की ती पुन्हा उघडी पडतात. त्या प्रोग्रॅमला पहिल्या रेघांची काहीच खबर नसते. म्हणून स्क्रिप्टच्या आत, प्रत्येक ठिकाणी नावे पुढे देताना, दोन रेघा नव्याने लिहाव्या लागतात. एरवी चांगल्या लिहिलेल्या स्क्रिप्टांतही हे राहून गेलेले दिसते.

वर्गात हा प्रयोग करायचा तर नवी रिकामी डिरेक्टरी घ्यावी, तिच्यात दोन-चार फाइली आणि ‘./-आर’ असे लिहून ती एक फाइल तयार करावी. मग ‘आरएम’ न चालवता

एको आरएम *

अशी आज्ञा द्यावी. ‘एको’ मिळालेले शब्द नुसते छापतो. शेलने तारकेच्या जागी काय मांडले ते पडद्यावर दिसते, आणि ‘-आर’ त्या ओळीत कोठे बसला आहे ते मुलांना स्वतः शोधता येते.