कडेला साचणारा रंग

थंडीच्या दिवसांत पुण्याच्या एम्प्रेस गार्डनसारख्या एखाद्या जुन्या बागेत जलरंगाचा वर्ग भरला आहे, असे समजा. सकाळी आठ वाजता तुम्ही आभाळाचा निळा थर दिला. तो बराच वेळ ओला राहिला आणि हवा तसा पसरवता आला. बारा वाजता त्याच ब्रशने झाडाचा हिरवा रंग लावू गेलात, तर पहिला हात दुसऱ्याला मिळण्यापूर्वीच वाळला आणि दोहोंच्या मध्ये गडद रेघ उमटली. ‘मला चित्रकला जमत नाही’ असे म्हणून पुष्कळ मुले येथेच ब्रश खाली ठेवतात. पण ही रेघ त्यांच्या हाताने काढलेली नसते, ती पाण्याने काढलेली असते.

प्रथम वाळण्याच्या वेगाचे पाहू. २० अंश सेल्सिअस तापमानाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे १७ ग्रॅम बाष्प मावते. ३० अंशांना सुमारे ३० ग्रॅम. समजा, सकाळी २० अंशांना सापेक्ष आर्द्रता शेकडा ८० होती, म्हणजे हवेत सुमारे १४ ग्रॅम बाष्प होते. दुपारी पारा ३० वर गेला आणि बाष्प तेवढेच राहिले, तर सापेक्ष आर्द्रता शेकडा ४६ च्या आसपास येते. त्यात ऊन कागद तापवते आणि वारा कागदालगतची दमट हवा हलवून नेतो. सापेक्ष आर्द्रतेचा धडा परीक्षेपुरता पाठ करणाऱ्यांनी एकदा बागेत बसून चित्र काढावेच!

आता त्या रेघेकडे वळू. जलरंग म्हणजे रंगद्रव्याचे बारीक कण आणि त्यांना कागदाला धरून ठेवणारा डिंक. कोरड्या कागदावर रंग लावला की ओल्या भागाची कड कागदाच्या खडबडीतपणामुळे जागीच अडकते. कडेवर पाण्याचा थर अगदी पातळ असतो आणि तेथून बाष्पाला वर तसेच बाजूलाही निसटता येते. त्यामुळे तेथले पाणी लवकर उडते. पण कड आत सरकू शकत नाही. म्हणून उडालेल्या पाण्याची जागा भरायला मधले पाणी कडेकडे वाहते आणि येताना रंगाचे कण बरोबर आणते. पाणी उडून जाते, कण मात्र कडेला साचतात. कॉफीचा थेंब टेबलावर वाळला की कडे उमटते, तेही असेच. याचा उलगडा शिकागो विद्यापीठातील डीगन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये केला. थेंबावर झाकण ठेवून फक्त मध्यावर बारीक छिद्र ठेवले, तेव्हा कडे उमटले नाही. पाणी मधूनच उडू लागल्यावर कण कडेकडे जातील कशाला?

यावरून तुम्ही म्हणाल, सावलीत बसलो की काम झाले. तसे नाही. रंग सावकाश वाळला तरी अडकलेल्या कडेवर कण साचतातच. सावलीने मिळतो तो वेळ. पहिल्या हाताची कड ओली आहे तोवर दुसरा हात तिला मिळवता येतो. रेघ नकोच असेल तर त्या भागात आधी नुसते पाणी फिरवावे. ओल्या कागदावर रंगाला अडकायला कडच सापडत नाही. उलट, पाकळीची कड ठसठशीत हवी असेल तर कोरड्या कागदावर भरपूर पाण्याचा रंग लावून तो हलवू नये.

अर्धवट वाळलेल्या रंगावर झाडावरचा दवाचा थेंब पडला, तर पाणी पसरताना कणांना बाहेर ढकलते आणि फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी नक्षीदार कड उमटते.

एक प्रयोग करा. जाड चित्रकलेच्या कागदावर एकाच रंगाचे, रुपयाएवढे चार ठिपके द्या: दोन कोरड्या भागावर, दोन ओलसर केलेल्या भागावर. कागद मधून कापून प्रत्येक प्रकारचा एक ठिपका उन्हात व एक सावलीत ठेवा. वाळायला लागलेली मिनिटे लिहून ठेवा आणि चारही कडा भिंगाखाली पाहा.