बिनतारी जोडणीचा दुभाषी

भाईंदरहून उत्तनकडे जाऊ लागले, की वाटेत मुर्धा, राई आणि मोरवा ही गावे लागतात. समजा, मोरव्यातील एका घरी संगणकाने रात्री आपली कार्यप्रणाली अद्ययावत करून घेतली आणि सकाळी पाहावे, तो वायफाय बंद! त्याच वायफायवर घरातील मोबाइल मात्र सुरळीत चालला आहे. अशा वेळी ‘आतले यंत्र जळाले, नवे आणा’ असा निवाडा घरातील मंडळी लगेच देतात. मुलांनो, हा निवाडा घाईचा होय. मोबाइल चालतो, यावरून राउटर निर्दोष आहे एवढेच ठरते.

बिनतारी अडॅप्टर म्हणजे संगणकाचे कान आणि तोंड. सेकंदाला २४० कोटींहून अधिक आंदोलने होणाऱ्या रेडिओलहरींच्या द्वारे तो राउटरशी बोलतो. परंतु त्याची भाषा कार्यप्रणालीला थेट कळत नाही. ‘ड्रायव्हर’ नावाची आज्ञावली त्या दोघांमध्ये दुभाष्याचे काम करते. कार्यप्रणालीच्या रीती बदलल्या आणि दुभाषी जुनाच राहिला, तर दोन्ही पक्ष धडधाकट असूनही संभाषण खुंटते. कधी कार्यप्रणाली नवा दुभाषी नेमते, पण त्यालाच अडॅप्टरची बोली नीट येत नाही.

क्वचित दोष खुद्द सुधारणेतच असतो. डिसेंबर २०२३ मध्ये विंडोज ११ च्या एका सुधारणेनंतर काही संगणक विद्यापीठांच्या व कचेऱ्यांच्या वायफायला जोडले जाईनात. घरगुती वायफायवर मात्र ही अडचण सहसा येत नसे. मायक्रोसॉफ्टने तो बदल मागे घेऊन दोष दूर केला.

तेव्हा प्रथम संगणक बंद करून पुन्हा चालू करावा. विंडोज असल्यास ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये अडॅप्टरचे नाव शोधावे. नावाशेजारी पिवळे उद्गारचिन्ह दिसले, तर बहुधा दुभाष्याचीच चूक. तेथे ‘रोल बॅक ड्रायव्हर’ हे बटण चालू असेल, तर मोठ्यांना विचारून जुना दुभाषी परत बोलवावा. नसेल, तर संगणक बनविणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून योग्य ड्रायव्हर घ्यावा. पण इंटरनेटच बंद असता तो आणावा कसा? मोबाइल तारेने संगणकाला जोडून ‘यूएसबी टेथरिंग’ चालू करावे. बिनतारीची अडचण अशी बहुधा तारेनेच सुटते. अडॅप्टरचे नाव यादीतून पार नाहीसेच झाले असेल, तर मात्र यंत्र जाणत्या कारागिराला दाखवावे.