दम्याच्या औषधांचा जमाखर्च

मोहर्ली व परिसरातील गावांतून येणाऱ्या दम्याच्या रुग्णांचे नातेवाईक नेहमी विचारतात, ‘पंपाची सवय तर लागणार नाही ना?’ प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. तथापि डॉक्टरांकडून समजून घेतलेले उत्तर देणगीदार, विश्वस्त व रुग्णांच्या कुटुंबीयांपुढे ठेवणे त्यास कर्तव्य वाटते.

दम्यामध्ये बहुधा शरीराची प्रतिकारशक्तीच अतिरेक करते. श्वासनलिका सुजतात, मग चुलीचा धूर, धानाच्या मळणीची धूळ किंवा मोहफुले वेचण्यापूर्वी जाळलेल्या पाल्याचा धूर लागताच त्या आकसतात. म्हणून ही शक्ती दडपणारी औषधे शोधली गेली. अवयव-प्रत्यारोपणातील सायक्लोस्पोरिन १९९२ साली लंडनमध्ये तीव्र दम्याच्या रुग्णांना देऊन पाहण्यात आले. थोडा लाभ दिसला. परंतु मूत्रपिंडाची इजा व वाढता रक्तदाब पाहता तो व्यवहार तोट्याचा ठरला. २००३ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले ओमालिझुमॅब हे इंजेक्शन ॲलर्जीतील एकच घटक रोखते; मात्र त्याचा खर्च सामान्य कुटुंबास पेलणारा नाही.

स्टेरॉइडच्या गोळ्यांनी धाप लवकर उतरते. तेंदूपत्त्याच्या हंगामात मजुरी बुडू नये म्हणून कोणी दुकानातून सुट्या गोळ्या आणून महिनोन्‌महिने घेतो. त्याने रक्तातील साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, मोतीबिंदू होतो आणि शरीरात सुप्त असलेला क्षय उफाळू शकतो. आपल्या देशात हा शेवटचा धोका विशेष गंभीर आहे. अशा गोळ्या स्वतःहून सुरू करू नयेत आणि चालू असल्यास एकाएकी बंदही करू नयेत.

पंपातही स्टेरॉइडच असते. परंतु गोळीची मात्रा मिलिग्रॅममध्ये, तर पंपाची मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. औषध थेट श्वासनलिकेत पोहोचते, उर्वरित शरीरावर त्याचा भार अल्प पडतो. त्याचे व्यसन लागत नाही. वापरानंतर चूळ भरावी आणि बरे वाटले तरी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय पंप सोडू नये.

पंप मध्येच सुटण्याचे एक कारण गैरसमज, तर दुसरे पैसा. पहिले दूर करण्यासाठी हा लेख आहे. दुसऱ्यासाठी आपल्या औषध-सहाय्य निधीस देणगीदारांनी हातभार लावावा, ही नम्र विनंती.