टीव्ही रुसला, तर?

ऐन मालिकेच्या वेळी चित्राचे चौकोनी तुकडे पडू लागले की आपण लगेच मेकॅनिकला निरोप धाडतो. भगिनींनो, जरा थांबा! आधी दुखणं कुणाचं ते ओळखा. टीव्हीच्याच रिमोटवरचं मेन्यूचं बटण दाबा. अक्षरं स्वच्छ नि स्थिर दिसली, तर पडदा बहुधा ठणठणीत आहे. खोट बॉक्स, वायर किंवा छत्रीत शोधावी.

तुकडे पडतात ते सिग्नल क्षीण झाल्यामुळे. मुसळधार पावसात असं होतंच. पाऊस ओसरला की चित्र आपोआप सुधारतं. एरवी स्विच बंद करून बॉक्समागची सैल वायर घट्ट बसवा. ‘नो सिग्नल’ दिसलं, तर ‘सोर्स’ बटणानं बॉक्स जोडलेलं एचडीएमआय निवडा. मुलांच्या हातून ते पुष्कळदा बदलतं. फ्री डिशवरचं एखादं चॅनल गायब झालं, तर बॉक्सवर पुन्हा ऑटो स्कॅन करावं.

मात्र मागचं झाकण कधीही उघडू नका. जुन्या पिक्चर ट्यूबच्या सेटमध्ये प्लग काढल्यावरही जबर झटका बसू शकतो. आणि छत्री फिरवायला ओल्या गच्चीवर चढू नका. मालिकेचा भाग काय, पुन्हा दाखवतात!