खरा बाँड कोणता?

जेम्स बाँडचे चित्रपट पाहणारे लोक दोन प्रकारचे असतात. चित्रपट संपला की घरी जाऊन स्वस्थ झोपणारे हा पहिला प्रकार. आणि चित्रपट संपल्यावरच ज्यांचे खरे काम सुरू होते, तो दुसरा. प्रस्तुत लेख या दुसऱ्या प्रकारच्या मंडळींविषयी आहे, आणि मी स्वतः त्यांच्यातलाच एक आहे, हे आधीच सांगून टाकलेले बरे. आमच्या वसतिगृहात या विषयावर रात्र-रात्र वाद झडतात. ‘कॉनरी मोठा की मूर?’, ‘क्रेग हा बाँड आहे तरी का?’ अशा आरोळ्या ऐकून बाहेरच्याला हा निव्वळ पोरखेळ वाटेल. परंतु जरा कान देऊन ऐकले, तर या गोंगाटात चार-पाच अगदी वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेले आढळतात. ते सुटे करून पाहावेत, म्हणजे भांडण नेमके कशाचे आहे हे तरी कळेल, एवढ्याच हेतूने हे लिहीत आहे.

प्रथम थोडी माहिती. इयन फ्लेमिंग हा इंग्रज लेखक दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाच्या गुप्तवार्ता विभागात होता. युद्धानंतर जमैका बेटावरील आपल्या घरात बसून त्याने ‘कसिनो रॉयाल’ ही कादंबरी लिहिली. ती १९५३ साली प्रसिद्ध झाली. नायकाचे नाव त्याने एका पक्षिशास्त्रज्ञाच्या पुस्तकावरून उचलले. वेस्ट इंडीजमधील पक्ष्यांवर लिहिणाऱ्या त्या अमेरिकन गृहस्थांचे नाव खरोखरच जेम्स बाँड होते! पुढे हॅरी सॉल्ट्झमन आणि अल्बर्ट ब्रॉकली या दोन निर्मात्यांनी ५ ऑक्टोबर १९६२ रोजी ‘डॉ. नो’ पडद्यावर आणला. तेव्हापासून २०२१ च्या ‘नो टाइम टू डाय’पर्यंत या मूळ मालिकेत २५ चित्रपट झाले आणि सहा नटांनी बाँड साकारला. शॉन कॉनरी, जॉर्ज लेझन्बी, रॉजर मूर, टिमथी डाल्टन, पिअर्स ब्रॉस्नन आणि डॅनियल क्रेग हे ते सहा जण.

वादाचे मूळ याच आकड्यांत आहे. नट बदलतो, दिग्दर्शक बदलतो, काळ बदलतो. नाव मात्र तेच राहते. मग प्रत्येक पिढी आपण प्रथम पाहिलेल्या बाँडला खरा मानते आणि बाकीच्यांना तोतये ठरवते. पानिपतानंतरच्या तोतयाचा इतिहास आपल्याला ठाऊक आहेच. येथे तर सहा भाऊसाहेब एकाच वेळी दरबारात उभे आहेत!

पहिला प्रश्न अर्थातच नटाचा. कॉनरी हा एडिंबरोच्या गरीब घरातला, तरुणपणी दूध पोचवण्याचे काम केलेला माणूस. ‘डॉ. नो’चे दिग्दर्शक टेरेन्स यंग यांनी त्याला आपल्या शिंप्याकडे नेले, सूट कसा वागवावा हे शिकवले. त्याच्या बाँडमध्ये जे रसायन दिसते ते यातूनच आले: वरून रेशीम आणि आत रांगडा गडी. याच्या अगदी उलट मूर. एक भुवई वर करून तो प्रेक्षकाला जणू सांगतो, की बाबा रे, हे सारे खोटे आहे, तूही हस आणि मीही हसतो. मूरच्या चाहत्यांचा युक्तिवाद मला बिनतोड वाटतो. ज्या गुप्तहेराला जगातला प्रत्येक मद्यालयवाला नावानिशी ओळखतो, त्याला गंभीरपणे घ्यायचे तरी कसे? त्यावर डाल्टनचे पक्षकार म्हणतात, की माणसे मारणे हा ज्याचा धंदा, त्याच्या चेहऱ्यावर त्याची काही छाया नको का? डाल्टनने १९८७ आणि १९८९ अशा दोनच चित्रपटांत तो करपलेला माणूस दाखवला. त्या वेळी पुष्कळांना तो रुचला नाही; पुढे २००६ साली क्रेगने तीच वाट धरली, तेव्हा तिचे कौतुक झाले.

म्हणजे नटाचा वाद हा मुळात नटाचा नाहीच. ही कथा गंमत म्हणून सांगायची की खरी मानून, हा तो प्रश्न आहे. आणि मौज अशी, की चाहत्यांच्या आधी हा वाद चित्रपटांनीच आपापसांत केलेला आहे. १९६७ च्या ‘यू ओन्ली लिव्ह ट्वाइस’मध्ये खलनायकाचा अड्डा एका ज्वालामुखीच्या पोटात आहे. त्यापुढचाच चित्रपट, १९६९ चा ‘ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस’, बाँडला प्रेमात पाडतो, त्याचे लग्न लावतो आणि लग्नाच्याच दिवशी त्याच्या पत्नीचा खून होतो. ‘स्टार वॉर्स’च्या यशानंतर १९७९ साली ‘मूनरेकर’ने बाँडला थेट अंतराळात नेले; लगेच १९८१ च्या ‘फॉर युवर आइज ओन्ली’ने त्याला पुन्हा जमिनीवर उतरवून उभा कडा हातांनी चढायला लावला. २००२ च्या ‘डाय अनदर डे’मध्ये अदृश्य होणारी मोटार आली, आणि २००६ च्या ‘कसिनो रॉयाल’मध्ये घाम, रक्त आणि पत्त्यांचा डाव. लंबक एका टोकाला गेला की दुसऱ्या टोकाकडे परततो. ही मालिका साठ वर्षे टिकली ती याच झोक्यावर.

दुसरा प्रश्न पुस्तकनिष्ठेचा. ‘मूळ फ्लेमिंगमध्ये असे नाही’ हे आमच्यातील वाचनवीरांचे ठेवणीतले अस्त्र असते. ते नेहमी लागू पडते असे नाही. ‘गोल्डफिंगर’ कादंबरीत खलनायक फोर्ट नॉक्समधले सोने चोरू पाहतो. इतके टन सोने न्यायचे कसे, ही शंका कोणाही वाचकाला यावी. १९६४ च्या चित्रपटात बाँड हीच शंका त्याला तोंडावर विचारतो, आणि उत्तर मिळते, की सोने न्यायचेच नाही. अणुस्फोटाने ते किरणोत्सर्गी करायचे, म्हणजे गोल्डफिंगरजवळच्या सोन्याचा भाव आपोआप चढेल. येथे पटकथेने पुस्तकावर मात केली, हे मान्य केलेच पाहिजे. उलट ‘मूनरेकर’ कादंबरी संपूर्णपणे इंग्लंडमध्ये घडते आणि तिच्यातील एक पत्त्यांचा डाव त्या साऱ्या अंतराळयुद्धापेक्षा अधिक श्वास रोखायला लावतो. तेव्हा पुस्तकाशी इमान हा गुण नव्हे आणि बेइमानी हा दोषही नव्हे. बदल करून हाती काय आले, ते पाहावे.

येथे आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. १९६५ साली याच मालिकेचे एक निर्माते सॉल्ट्झमन यांनी ‘द इप्क्रेस फाइल’ हा चित्रपट काढला. त्यातला गुप्तहेर चष्मा लावतो, स्वयंपाक करतो, पगाराची कटकट करतो आणि वरिष्ठांचे अर्ज भरून वैतागतो. बाँडचे संगीतकार जॉन बॅरी, नेपथ्यकार केन अ‍ॅडम आणि संकलक पीटर हंट हे तिघेही त्यात होते. बाँडवरची सर्वांत मार्मिक टीका त्याच्याच घरातून आली असे म्हणायला हरकत नाही.

तिसरा प्रश्न आमच्या वर्गातील मैत्रिणींनी उपस्थित केला, आणि त्यानंतर आमच्या वादांचा रंगच पालटला. ‘गोल्डफिंगर’मध्ये गवताच्या कोठारातील जो प्रसंग आहे, त्यात स्त्रीच्या नकाराला होकार धरलेले आहे. ‘तुम्ही याला शौर्य म्हणता काय?’ असे एकीने विचारले, तेव्हा कॉनरीपक्षाच्या तोंडून शब्द फुटेना. ‘त्या काळी तसेच चालत असे’ हे उत्तर अपुरे आहे, कारण ज्या काळात तो प्रसंग चित्रित झाला त्याच काळात ऑनर ब्लॅकमनसारखी समर्थ नटी त्याच चित्रपटात वैमानिकांच्या पथकाची प्रमुख म्हणून वावरते. मालिकेला पुढे याची जाणीव झाली. १९९५ च्या ‘गोल्डन आय’मध्ये ज्युडी डेंच यांनी रंगवलेली एम ही वरिष्ठ अधिकारी बाँडला तोंडावरच शीतयुद्धाचा अवशेष, एक डायनोसॉर ठरवते. चाहत्यांनी या वाक्याला टाळ्या दिल्या. टाळ्या देऊन झाल्यावर आपण काय बदललो, हा प्रश्न मात्र उरतोच.

चौथा प्रश्न आपल्या अगदी अंगणातला आहे. १९८३ चा ‘ऑक्टोपसी’ उदयपुरात चित्रित झाला. पिचोला तलावातील लेक पॅलेस आणि डोंगरावरील सज्जनगड त्यात दिसतात. टेनिसपटू विजय अमृतराज आणि कबीर बेदी यांनी भूमिका केल्या. आपला देश बाँडपटात दिसतो म्हणून हरखून जाणारे आमच्यात पुष्कळ आहेत, आणि रिक्षांची ती शर्यत पाहताना मीही मनमुराद हसलो आहे. पण त्या हिंदुस्थानात आहे काय? बीन वाजवणारा गारुडी, खिळ्यांच्या खाटेवरचा फकीर, तलवार गिळणारा, आणि मेजवानीच्या ताटात मेंढ्याचे मुंडके. जुगारात जिंकलेल्या नोटा बाँड आपल्या हिंदी सहकाऱ्याला देतो तेव्हा आता काही आठवडे करीची सोय झाली, असा विनोद करतो. तो सहकारी पुढे मारला जातो आणि कथा फारशी न थांबता पुढे सरकते.

हे अज्ञानातून घडले असे मला वाटत नाही. ते बाँडच्या जन्मातच आहे. पहिली कादंबरी आली तेव्हा हिंदुस्थान स्वतंत्र होऊन जवळजवळ सहा वर्षे झाली होती. ‘डॉ. नो’ लंडनमध्ये झळकण्यापूर्वी दोनच महिने, ६ ऑगस्ट १९६२ रोजी, जमैका स्वतंत्र झाला. पडद्यावर मात्र तेथे अजून इंग्रजांचेच सरकार होते. साम्राज्य हातचे गेलेल्या एका राष्ट्राने स्वतःला सांगितलेली ही गोष्ट आहे, की अजूनही जग वाचवायला आमचाच एक माणूस पुरे. हे ओळखून चित्रपट पाहावा. आनंद कमी होत नाही, डोळे मात्र उघडे राहतात.

मग चांगला बाँडपट ओळखावा कसा? माझ्यापुरत्या मी तीन कसोट्या ठरवल्या आहेत. चित्रपटाने जो सूर लावला तो शेवटपर्यंत सांभाळला काय? धोका खरा वाटतो काय? आणि बाँडखेरीज आणखी एका तरी माणसाच्या जगण्या-मरण्याने आपल्याला फरक पडतो काय? पहिल्या कसोटीवर मूरचा १९७७ चा ‘द स्पाय हू लव्ह्ड मी’ सहज उतरतो. तो गंमत करतो आणि गंमतच राहतो. दुसरीवर ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’मधील आगगाडीच्या डब्यातली मारामारी आजही अजिंक्य आहे. तिन्हींवर उतरणारे दोन: क्रेगचा ‘कसिनो रॉयाल’ आणि लेझन्बीचा ‘ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस’. लेझन्बी हा ऑस्ट्रेलियातून आलेला जाहिरातीतला मॉडेल. अभिनयात तो कच्चा आहे हे कबूल. पण डायना रिगची ट्रेसी मरते तेव्हा बाँड प्रथमच एक साधा, हतबल माणूस होतो. नट कच्चा असूनही चित्रपट पक्का असू शकतो, हे यातून शिकावे. एके काळी दुर्लक्षित राहिलेल्या या चित्रपटाची थोरवी पुढे ज्यांनी पटवून दिली, त्यांत वाद घालणाऱ्या चाहत्यांचा वाटा मोठा आहे.

फेब्रुवारी २०२५ मध्ये मालिकेची सर्जनशील सूत्रे ब्रॉकली कुटुंबाकडून अ‍ॅमेझॉन कंपनीकडे जाण्याचे जाहीर झाले, आणि त्याच वर्षी जूनमध्ये पुढील चित्रपटासाठी दिग्दर्शक डेनी व्हिलनव्ह यांचे नाव पुढे आले. साहजिकच वसतिगृहात पुन्हा रणधुमाळी माजली. ती माजावी. फक्त एक सुचवावेसे वाटते. बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार, ‘फर्ज’मधला जितेंद्रचा एजंट ११६, ‘सुरक्षा’मधला मिथुनचा गनमास्टर जी-९ ही मंडळीही आपल्याच घरची आहेत. परक्या गुप्तहेराच्या कोटाची शिवण आपण ज्या बारकाईने तपासतो, त्याच बारकाईने यांच्याकडे पाहिले, तर वादाला नवे विषय मिळतील, आणि आपल्या आवडीनिवडी कोठून आल्या याचाही थोडा तपास लागेल. गुप्तहेरांच्या चाहत्यांनी एवढी हेरगिरी तरी करायलाच हवी!